एम.एस्सी. नर्सिंगचा थिसिस: प्रश्नपत्रिकेवरून उठवून पेशंटच्या हातापर्यंत कसा न्यायचा

सेकंड इयरला असताना माझ्या थिसिसची पोस्ट-टेस्ट मी एका मेडिसिन वॉर्डात दुपारच्या ओव्हरच्या, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंट पुढच्या सिस्टरांकडे सोपवायच्या वेळी घेतली होती. विषय होता सलाईनच्या जागेची काळजी, आधी सिस्टरांची प्री-टेस्ट, मग पाऊण तासाचं टीचिंग आणि सात दिवसांनी परत तेच तीस प्रश्न. मार्क भरपूर वाढले होते. पेपर गोळा करून निघाले तेवढ्यात खिडकीजवळच्या बेडवरच्या आजींनी हाक मारली, "पोरी, ह्या हाताकडं बघ गं जरा, सकाळपासनं ठणकतोय." चिकटपट्टी हळूच उचलली तर मनगटापासून वर चार बोटं लालसर पट्टा, आणि बोट फिरवलं की शीर दोरीसारखी कडक लागत होती. पट्टीवर तारीख नाही, वेळ नाही, इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी) कधी लावलं ते कुणालाच सांगता येईना. ज्या सिस्टर त्या बेडला होत्या त्यांना माझ्या पेपरात तीसपैकी सत्तावीस होते.

तो हात मी विसरलेले नाही, आणि आज माझ्याकडे थिसिसला येणाऱ्या प्रत्येक मुलीला-मुलाला मी एकच गोष्ट सांगते, की नॉलेज मोजू नका, किंवा नुसतं नॉलेज मोजू नका, पेशंटच्या अंगावर काय बदललं ते मोजा. हे कसं करायचं ते खाली सगळं लिहिलंय, आणि उदाहरण म्हणून तोच विषय घेतलाय, इंट्राकॅथच्या जागी शीर सुजणं म्हणजे फ्लेबायटिस, कारण तो प्रत्येक वॉर्डात आहे, डोळ्यांनी दिसतो, आणि त्यासाठी महागडी तपासणी लागत नाही. तुमची स्पेशालिटी पेडियाट्रिक असो, ओबीजी असो, सायकियाट्री किंवा कम्युनिटी, पायऱ्या ह्याच.

विषय वॉर्डात शोधा, लायब्ररीत नंतर जा

बहुतेक जण उलटं करतात, आधी जुने थिसिस चाळतात, त्यातलं एखादं टायटल घेतात, गाव आणि हॉस्पिटल बदलतात, "इफेक्टिव्हनेस ऑफ स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्राम ऑन नॉलेज" असं जोडतात आणि सिनॉप्सिस तयार. ह्यात चूक अशी नाही की शिकवणं वाईट आहे, चूक ही आहे की शिकवलं की मार्क वाढणारच, ते आधीपासून माहीत आहे, मग दोन वर्षं घालवून आपण नवीन काय शोधलं?

त्याऐवजी एक आठवडा वही घेऊन वॉर्डात बसा. नाईटला, इव्हिनिंगला, रविवारी पण. तीन गोष्टी लिहा: पेशंट परत परत कशाबद्दल तक्रार करतात, कुठलं काम पुस्तकात एक आणि वॉर्डात दुसरंच होतं, आणि कुठल्या गोष्टीची नोंदच होत नाही. तिसरा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, कारण ज्याची नोंद नाही तिथे तुमचा नुसता बेसलाईन, म्हणजे बदल करायच्या आधीचा आकडा सुद्धा त्या वॉर्डासाठी नवीन माहिती असते. इन्चार्ज सिस्टरांशी बोला, आणि वॉर्डातल्या मावशींशीही बोला, कुठल्या पेशंटची चादर सारखी सलाईनने ओली होते हे त्यांना सगळ्यात आधी कळतं.

फ्लोरेन्स नाइटिंगेलने क्रिमियाच्या युद्धात हेच केलं होतं. सैनिक जखमांनी कमी आणि अस्वच्छतेतून होणाऱ्या आजारांनी जास्त मरतायत हे तिने मोजून दाखवलं, १८५८ साली तिची ती प्रसिद्ध गोलाकार आकृती छापली गेली आणि त्याच सुमारास लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीने तिला पहिली महिला सदस्य म्हणून घेतलं. दिवा आपल्या लक्षात राहतो, पण तिची वहीसुद्धा आपलीच आहे.

प्रश्न बांधून घ्या

नुसतं "फ्लेबायटिसवर काम करायचंय" म्हणून चालत नाही. पिको पद्धतीने एका वाक्यात बसवा: पेशंट कोण, काय बदल करणार, कशाशी तुलना, आणि निकाल काय मोजणार. उदाहरणार्थ: मेडिसिन वॉर्डात भरती असलेल्या, हाताला इंट्राकॅथ असलेल्या प्रौढ पेशंटमध्ये, रोज दोनदा जागा तपासून ओव्हरमध्ये सुजेचा स्कोअर सांगण्याची पद्धत सुरू केली, तर आधीच्या नेहमीच्या पद्धतीपेक्षा फ्लेबायटिस कमी होतो का? हे वाक्य मोठ्याने वाचा. ह्यात "नॉलेज" शब्द कुठेच नाही बघा.

इथे उपचारांचा दर्जा मोजण्यासाठी डोनाबेडियनने १९६६ साली केलेली विभागणी कामाला येते: स्ट्रक्चर, प्रोसेस, आउटकम. वॉर्डात ट्रान्सपरंट ड्रेसिंग आहे की नाही हे स्ट्रक्चर, सिस्टर पट्टीवर तारीख घालतात की नाही हे प्रोसेस, आणि पेशंटची शीर सुजली की नाही हा आउटकम. तुमच्या थिसिसमध्ये किमान एक प्रोसेसचा आणि एक आउटकमचा आकडा हवाच, म्हणजे उद्या फ्लेबायटिस कमी झाला नाही तर निदान कळेल की बदल झालाच नव्हता की बदल होऊनही फरक पडला नाही. दोन्हींचा अर्थ पार वेगळा आहे.

वाचन कसं करायचं

पबमेड फुकट आहे, तिथून सुरुवात करा. पीएचडीचे थिसिस बघायला शोधगंगा आहे. सरकारी कॉलेजमध्ये असाल तर २०२५ पासून सुरू झालेल्या वन नेशन वन सबस्क्रिप्शनमधून बरीच जर्नल्स मिळू शकतात, लायब्रेरियन सरांना विचारा. पहिल्या दिवसापासून रेफरन्स सांभाळणारं झोटेरो टाका, फुकट आहे, नाहीतर शेवटच्या आठवड्यात शंभर रेफरन्स हाताने व्हॅन्कूव्हर पद्धतीत लावताना रात्री जागाव्या लागतात.

आता वाचायचं म्हणजे काय करायचं ते एका उदाहरणाने सांगते. आपल्याला सगळ्यांना शिकवलंय की इंट्राकॅथ ७२ ते ९६ तासांनी बदलायचं. २०१२ साली द लॅन्सेटमध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडचा एक मोठा ट्रायल आला, ३,२८३ पेशंट, अर्ध्यांचं इंट्राकॅथ ठरल्या दिवशी बदललं आणि अर्ध्यांचं फक्त गरज पडली तेव्हाच. दोन्हीकडे फ्लेबायटिस सारखाच, ७ टक्के. हे वाचून लगेच लिहून टाकाल की बदलायची गरज नाही. पण २०२१ मध्ये जिनिव्हाच्या हॉस्पिटलांमधला खूप मोठा अभ्यास आला, त्यात गरजेपुरतंच बदलायचं धोरण आणल्यावर रक्तातलं इन्फेक्शन वाढलेलं दिसलं. म्हणजे शीर सुजणं वेगळं, रक्तात जंतू जाणं वेगळं, आणि "गरज पडेल तेव्हा" हे धोरण तिथेच सुरक्षित जिथे गरज पडली की नाही हे कुणीतरी रोज बघतंय. आपल्या वॉर्डात ते बघणं होतं का, हा तुमचा प्रश्न झाला. रिव्ह्यू असा लिहायचा असतो, "अमुकने असं म्हटलं, तमुकने तसं म्हटलं" अशी वीस पानं जोडून नाही.

डिझाईन: वॉर्ड तसा आराखडा

रँडमाईज्ड ट्रायल, म्हणजे कोणाला कुठली पद्धत ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणं, ऐकायला भारी वाटतो, पण एकाच वॉर्डात बेड नंबर तीनला नवीन पद्धत आणि बेड नंबर चारला जुनी, हे चालत नाही, सिस्टर त्याच, त्यांचा हात तोच, एकदा सवय लागली की त्या सगळ्यांनाच तसं बघणार, आणि तसंच बघायला हवं. म्हणून दोन पर्याय उरतात. एक तर दोन सारखे वॉर्ड घ्या, एकात बदल आणि दुसऱ्यात नेहमीचं. नाहीतर त्याच वॉर्डात आधी-नंतर: सहा आठवडे फक्त निरीक्षण, दोन आठवडे बदल रुजवायला, परत सहा आठवडे निरीक्षण. जमत असेल तर दोन्ही एकत्र करा, दोन वॉर्ड आणि दोन्हीकडे आधी-नंतर, म्हणजे पावसाळ्यात डेंग्यूची गर्दी वाढली म्हणून आकडा बदलला की तुमच्यामुळे, हे सांगता येतं.

आणखी एक, तुम्ही वही घेऊन उभ्या राहिलात की सिस्टर जास्त काळजीपूर्वक काम करतातच. म्हणून पहिले चार-पाच दिवस नुसतं जा, बघा, नोंद करा, पण तो डेटा वापरू नका. तुम्ही वॉर्डाच्या सवयीच्या झालात की मग खरी मोजणी.

किती पेशंट लागतील, ह्यावर थांबून विचार करा

"मॅडम, साठ घेऊ का, तीस आणि तीस?" हा प्रश्न मला दर वर्षी येतो. तीस हा आकडा कुठून आला ते कुणालाच सांगता येत नाही.

नुसतं प्रमाण काढायचं असेल तर सोपं सूत्र आहे: चार गुणिले पी गुणिले क्यू, भागिले डीचा वर्ग. पी म्हणजे अंदाजे किती टक्के पेशंटला त्रास होतो, क्यू म्हणजे शंभरातून उरलेले, डी म्हणजे किती चूक चालेल. समजा पी ३० आणि डी १० घेतला तर ४ × ३० × ७० = ८,४००, भागिले १००, म्हणजे ८४. मधेच डिस्चार्ज, डामा (डॉक्टरांचं न ऐकता घरी जाणं), ट्रान्सफर होणारे धरून दहा टक्के वाढवा, ९३ झाले.

पण तुलना करायची असेल तर गणित वेगळं. समजा फ्लेबायटिस ३० टक्क्यांवरून १५ वर आणायचा आहे. ८० टक्के पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) आणि ५ टक्के अल्फा (नसलेला फरक दिसण्याची शक्यता) धरून: ७.८४ गुणिले (०.३० × ०.७० + ०.१५ × ०.८५), भागिले ०.१५ चा वर्ग. उत्तर येतं साधारण ११८, आणि हे एका गटात. तीस-तीसच घेतले आणि समजा आधी ९ जणांना झाला, नंतर ४ जणांना, तर डोळ्याला निम्म्याहून कमी दिसतं पण पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता, वरच्या सूत्रातला पी वेगळा) ०.०५च्या वरच राहते, आणि तुम्ही लिहिता "नॉट सिग्निफिकंट". चांगला बदल होता, तो तुमच्या छोट्या सॅम्पलमध्ये बुडाला.

११८ ऐकून घाबरू नका. चाळीस बेडच्या वॉर्डात रोज पाच-सहा नवीन इंट्राकॅथ सहज लागतात, सहा आठवड्यांत दोनशेच्या वर जातात. आधी एक आठवडा मोजून बघा तुमच्या वॉर्डात किती लागतात, मग आकडा ठरवा, आणि ओपनएपी किंवा जी-पॉवर ह्या सॅम्पल काढायच्या सॉफ्टवेअरवर एकदा तपासून स्टॅटिस्टिशियन सरांना दाखवा. एका पेशंटची दोन-तीन इंट्राकॅथ होत असतील तर फक्त पहिलंच धरा, नाहीतर एकाच नाजूक शिरांच्या आजी तुमच्या डेटात तीनदा येतात आणि टेस्ट चुकते.

टूल: आधी मिळतंय का बघा, मग बनवा

फ्लेबायटिससाठी व्हीआयपी (व्हिज्युअल इन्फ्युजन फ्लेबायटिस) स्कोअर आहे, १९९८ मध्ये आलेला, शून्य ते पाच. शून्य म्हणजे जागा ठीक. एक म्हणजे किंचित दुखणं किंवा किंचित लाली, लक्ष ठेवा. दोन म्हणजे सुरुवात झाली, इंट्राकॅथ काढून दुसरीकडे लावा. पुढे शीर कडक होणं, दोरीसारखी लागणं, पू, ताप असं वाढत जातं. बेडसोर घेतलात तर ब्रेडन स्केल आहे, सहा मुद्दे, ६ ते २३ गुण, आणि लक्षात ठेवा तिथे कमी गुण म्हणजे जास्त धोका, बरेच जण इथे उलटं लिहितात. तयार स्केल वापरताना परवानगी लागते का ते बघा, लागत असेल तर मेल करून घ्या आणि ती मेल अपेंडिक्समध्ये लावा.

व्हॅलिडिटीला एक्स्पर्टकडे पाठवताना नुसतं "कृपया तपासावे" लिहून देऊ नका, प्रत्येक मुद्द्यापुढे "योग्य, बदल हवा, काढा" असे रकाने आणि शेजारी मोकळी जागा द्या, म्हणजे लोक खरंच वाचतात.

रिलायबिलिटीला सरसकट क्रोनबॅक अल्फा लावू नका. तो मतं-दृष्टिकोन मोजणाऱ्या स्केलला. बरोबर-चूक प्रश्नांना केआर-२०. आणि आपल्यासारखं डोळ्यांनी बघून ठरवायचं असेल तर दोन जणांनी एकमेकांना न सांगता त्याच जागा बघायच्या आणि जुळतंय का ते कप्पा, म्हणजे दोघांचं किती जुळतं ते सांगणारा आकडा, काढून तपासायचं. मी आणि माझ्या एका ज्युनिअरने अशा वीस जागा पाहिल्या होत्या, पहिल्या दिवशी सात ठिकाणी आमचं जमलं नाही. कारण शोधलं तर दोन निघाली. एक, सावळ्या हातावर लाली चटकन दिसत नाही, तिने वॉर्डातल्या ट्यूबलाईटमध्ये पाहिलं होतं, मी खिडकीत. दोन, पांढरी अपारदर्शक पट्टी असेल तर ती फक्त कडेने बघत होती. मग आम्ही ठरवलं: टॉर्च घ्यायचा, दुसरा हात शेजारी ठेवून रंग बघायचा, आपल्या हाताच्या मागच्या बाजूने ऊब बघायची, सुईच्या वरच्या बाजूला शिरेवरून हलकं बोट फिरवायचं, आणि "दुखतंय का" असं विचारायच्या आधी पेशंटचा चेहरा बघायचा. पुढच्या वीसमध्ये दोनच फरक आले. तुमच्या टूलबरोबर अशी अर्ध्या पानाची "कसं बघायचं" चिठ्ठी जोडाच.

डेटा शीट एका पानाची ठेवा. कोड नंबर, वय, मधुमेह आहे का, इंट्राकॅथचा रंग (हिरवं १८, गुलाबी २०, निळं २२, पिवळं २४), जागा कुठली, म्हणजे तळहाताची मागची बाजू, मनगट, पुढचा हात की कोपराची घडी, कॅज्युअल्टीत घाईत लावलं की वॉर्डात, कुठली औषधं गेली, लावल्याची आणि काढल्याची तारीख-वेळ, काढायचं कारण, आणि रोज दोनदा स्कोअर. पोटॅशियम क्लोराईड, अ‍ॅमिओडॅरोन, व्हॅन्कोमायसिन अशी शिरेला जाळणारी औषधं वेगळी नोंदवा. इंट्राकॅथ लावणाऱ्याचं नाव मात्र कुठेही लिहू नका. नाव लिहायला लागलात की दुसऱ्या दिवसापासून वॉर्ड तुमच्याशी बोलणं बंद करेल, आणि ते बरोबरच आहे, आपण माणसं पकडायला गेलेलो नाही.

एथिक्स आणि परवानग्या

ह्याला वेळ लागतो, म्हणून सिनॉप्सिस लिहितानाच सुरू करा. कॉलेजची एथिक्स कमिटी, हॉस्पिटलचे सुपरिटेंडेंट, मेट्रन मॅडम, त्या युनिटचे डॉक्टर आणि वॉर्ड इन्चार्ज, ह्यांच्याकडे ह्याच क्रमाने जावं असं नाही, पण इन्चार्ज सिस्टरांना सगळ्यात शेवटी कळलं असं होऊ देऊ नका. आयसीएमआरच्या २०१७ च्या गाईडलाईन्स डाउनलोड करून निदान संमतीचा भाग वाचा.

तुमचा अभ्यास इंटरव्हेन्शनचा, म्हणजे काही बदल करून बघण्याचा असेल तर सीटीआरआयवर (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया) नोंदणी करा. फुकट आहे, पण १ एप्रिल २०१८ पासून पहिला पेशंट घ्यायच्या आधीच नोंदवावं लागतं, नंतर केलं तर घेत नाहीत. डेटा गोळा करून झाल्यावर हे कळलेली मुलं मी पाहिलीत, रडायची वेळ आली होती.

संमतीपत्र मराठीत लिहा म्हणजे खऱ्या मराठीत लिहा. "सदर संशोधनात सहभागी होण्यास माझी पूर्ण स्वेच्छेने अनुमती असून" हे वाचून आजींना काय कळणार? असं लिहा: "तुमच्या हाताला सलाईनची सुई लावलेली आहे. ती जागा मी रोज सकाळी आणि संध्याकाळी बघणार आहे. त्यासाठी वेगळी सुई टोचणार नाही, रक्त काढणार नाही. तुमचं नाव कुठे छापलं जाणार नाही. तुम्ही नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही, आणि आधी हो म्हणून नंतर नको म्हणालात तरी चालेल." वाचता येत नसेल तर वाचून दाखवा, अंगठा घ्या आणि अभ्यासाशी संबंध नसलेल्या एका साक्षीदाराची सही घ्या. आणि पेशंटला विचारा, "मी काय करणार आहे ते मला सांगा बरं." त्यांना सांगता आलं तरच सही.

एक गोष्ट पक्की ठरवून ठेवा: स्कोअर दोन किंवा वर दिसला तर आधी बेडच्या सिस्टरांना सांगायचं, इंट्राकॅथ काढलं जाईल ते बघायचं, मग शीट भरायची. बेसलाईनच्या काळात सुद्धा. डेटा बिघडेल म्हणून गप्प बसायचं नाही. तुम्ही आधी नर्स आहात, आणि हा नियम प्रोटोकॉलमध्येच लिहिलात तर डेटा बिघडत नाही, कारण तोपर्यंत तुमचा आउटकम तुम्हाला दिसलेला असतो.

पायलट

मुख्य सॅम्पलच्या दहाएक टक्क्यांवर करतात. पायलट ही फॉर्मॅलिटी नाही, त्यात दोन गोष्टी बघा: एक शीट भरायला किती मिनिटं लागतात, आणि कुठला रकाना सारखा रिकामा राहतो. रिकामा रकाना म्हणजे ती माहिती वॉर्डात मिळत नाही, मग ती काढा नाहीतर दुसरा मार्ग शोधा.

बदल: छोटा, आणि सिस्टरांच्या हातचा

इंटरव्हेन्शन म्हणून फ्लॅश कार्ड आणि चार्ट घेऊन एक लेक्चर द्यायचं आणि निघायचं, ह्याने आजींचा हात बदलत नाही. मी सुचवते ते पाचच कामांचं बंडल: हात स्वच्छ करून हब (इंट्राकॅथचं औषध घालायचं तोंड) अल्कोहोल स्वॅबने घासून सुकू द्यायचं, मग इंजेक्शन. औषधाच्या आधी आणि नंतर नॉर्मल सलाईनने फ्लश. पट्टीवर तारीख आणि वेळ. शक्यतो कोपराच्या घडीत लावायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ओव्हर देताना बेड नंबर, निदान, औषधं ह्यांच्याबरोबर दोन शब्द: "व्हीआयपी शून्य, तिसरा दिवस", किंवा "आता आयव्ही काही नाही, काढता येईल का विचारायचंय." पेशंट तोंडाने गोळ्या घेतोय आणि इंट्राकॅथ हाताला उगाच लटकतंय, अशी कितीतरी असतात, ती काढली की त्यांच्यातला धोकाच संपतो.

हे बंडल तुम्ही एकटीने ठरवू नका. इन्चार्ज आणि दोन-तीन सिस्टरांबरोबर बसा आणि विचारा की ह्यातलं नाईटला, चाळीस पेशंट आणि दोन सिस्टर असताना काय जमेल. मला एका सिस्टरांनी सांगितलं होतं, "मॅडम, तारीख घालू हो, पण पेन कुठंय ट्रेमध्ये?" मार्कर दोऱ्याने आयव्ही ट्रेला बांधला, आणि तारखा यायला लागल्या. तो मार्कर माझ्या तीस प्रश्नांपेक्षा जास्त कामाचा ठरला. स्वॅब, फ्लशच्या सिरिंज, ड्रेसिंग पुरेसं आहे का हे आधी बघा, सामान नसताना सिस्टरांना शिकवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दोन आठवडे रोज जा, तीनही ड्युट्यांना. काय होतंय ते बघा, अडलं तिथे बदला, परत बघा. सहा आठवड्यांची दुसरी मोजणी सुरू झाली की मग काहीही बदलायचं नाही.

डेटा आणि आकडे

रोजच्या रोज एक्सेलमध्ये भरा. महिन्याचा गठ्ठा एकदम भरायला बसलात की चुका होतात, आणि ज्या शीटवर काही शंका आहे तो पेशंट तोपर्यंत घरी गेलेला असतो. दर आठवड्याला फाईल वेगळ्या नावाने सेव्ह करा. कोड आणि नावाची यादी वेगळी, कुलुपात.

डेटा यायच्या आधीच रिकामे टेबल काढून ठेवा, ओळी आणि रकाने लिहून, आकडे मोकळे. कुठली टेस्ट लागणार ते तिथेच कळतं. फ्लेबायटिस झाला का, हो-नाही, आधी आणि नंतरच्या वेगळ्या पेशंटमध्ये: काय-स्क्वेअर, आणि कुठल्या चौकटीत अपेक्षित आकडा पाचच्या खाली असेल तर फिशर. त्याच सिस्टरांचे आधी-नंतरचे मार्क असतील तर पेअर्ड टी. व्हीआयपी स्कोअरची सरासरी काढून टी टेस्ट लावू नका, एक आणि दोनमधलं अंतर तीन आणि चारमधल्या अंतराएवढं नसतं, "दोन किंवा वर" अशी रेघ मारून हो-नाही करा. ह्या टेस्टसाठी जामोवी हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि शिकायला सोपं.

प्रमाण दोन प्रकारे द्या. समजा १२० इंट्राकॅथ, मिळून ३१० दिवस लावलेली, त्यात २७ फ्लेबायटिस. म्हणजे २२.५ टक्के, आणि हजार दिवसांमागे ८७. दुसरा आकडा का हवा? कारण तुमच्या बंडलमुळे इंट्राकॅथ लवकर निघायला लागली तर टक्के कमी होतील, पण ते काळजीमुळे की कमी दिवस राहिल्यामुळे, हे दिवसांच्या हिशोबाशिवाय कळत नाही.

आणि पी व्हॅल्यूवर थांबू नका. ३० टक्क्यांवरून १५ झाले तर साध्या भाषेत लिहा की साधारण दर सात पेशंटमागे एकाचा हात वाचला. हे वाक्य मेट्रन मॅडमना लगेच समजतं.

लिहिणं आणि गाईड

मेथडचं चॅप्टर डेटा घेतानाच लिहून काढा, तेव्हा सगळं ताजं असतं. रिझल्टमध्ये फक्त काय सापडलं, डिस्कशनमध्ये ते का असेल आणि इतरांशी का जुळतं किंवा जुळत नाही. फरक पडला नाही तर तसंच लिहा, आकडे ओढूनताणून सिग्निफिकंट करायचा मोह होतो, बाहेरून कुणी तसं सुचवतंही, अजिबात करू नका, उद्या कुणीतरी तुमच्या आकड्यावर विसंबून वॉर्ड चालवणार आहे. उतारे कॉपी करू नका, यूजीसीच्या २०१८ च्या नियमात दहा टक्क्यांपर्यंतच सूट आहे.

गाईड मॅडमना "मॅडम, बघता का" म्हणून ऐंशी पानं एकदम देऊ नका. दर पंधरा दिवसांनी पाच-सहा पानं, वर तीन नेमके प्रश्न लिहून. त्यांनी सांगितलेले बदल तारखेसकट वहीत लिहा, पुढच्या वेळी तीच वही घेऊन जा.

व्हायव्हा झाल्यावर

बांधलेला थिसिस कपाटात जातो, म्हणून वॉर्डासाठी एकच पान वेगळं करा. मराठीत, मोठ्या अक्षरात: आधी किती, नंतर किती, कुठल्या औषधाला आणि कुठल्या जागेला जास्त त्रास झाला, तुम्ही सगळ्यांनी काय केलं. सिस्टरांचे आभार त्या पानावर वर माना, खाली नाही. ओव्हरच्या वेळी दहा मिनिटं मागून ते स्वतः वाचून दाखवा, प्रश्न घ्या, आणि तिन्ही ड्युट्यांना जाऊन सांगा, कारण नाईटच्या सिस्टरांपर्यंत काहीच पोचत नाही.

मग इन्चार्ज सिस्टरांबरोबर ठरवा की महिन्यातून एकच दिवस, समजा पहिला सोमवार, वॉर्डातल्या सगळ्या हातांवरून एक फेरी मारायची: किती इंट्राकॅथ, किती पट्ट्यांवर तारीख, किती ठिकाणी स्कोअर दोन किंवा वर, किती उगाच राहिलेली. अर्ध्या तासाचं काम आहे, चार आकडे ओव्हरच्या रजिस्टरच्या मागच्या पानावर लिहायचे. पहिले तीन महिने तुम्ही बरोबर जा. चौथ्या महिन्यापासून ज्युनिअर बॅचमधल्या एकीला ती फेरी द्या, तुमची "कसं बघायचं" चिठ्ठी आणि टॉर्च तिच्या हातात देऊन, आणि पहिल्या फेरीला तिच्या शेजारी उभं राहून एक शीर तिच्या बोटाला लागू द्या.